आधी विचार, मोजलं कशानं?

लेका,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला, म्हणजे सेकंड शिफ्ट सुटून, जेवून तू परत तेच अणूच्या आतल्या कणांचे व्हिडिओ बघत बसला असणार. विचारलंयस की काका, आपण सीएनसीवर व्हॉल्व्हच्या बॉड्या काढणारी माणसं, आपल्याला ह्या कणाबिणांचं काय करायचंय, पोरं हसतात, घरचे म्हणतात त्यापेक्षा प्रोग्रॅमिंगचा कोर्स लाव. कोर्स लावच, त्यात वाद नाही. पण हसणाऱ्यांचं सोड. पेठेतल्या मॅचवरनं दोन-दोन तास भांडणाऱ्यातले निम्मे जण शाळा सुटल्यापासनं बॉलला पाय लावला नाही असले असतात, त्यांना कोण विचारतंय का की तुम्हाला काय उपयोग?

मला हा नाद २००८ ला लागला. १० सप्टेंबरला सर्नची, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपच्या प्रयोगशाळेची, कण एकमेकांवर आपटणारी ती २७ किलोमीटर गोल मशीन चालू होणार होती, आणि टीव्हीवर दोन दिवस आधीपासनं एकच, ब्लॅक होल तयार होणार आणि पृथ्वी गिळणार. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर ठरलं की मटण आजच करूया, उद्या कोण बघितलंय. पृथ्वी काय गिळली नाही, पण नवव्या दिवशी, १९ तारखेला, मशीनच बंद पडली आणि वर्षभर उठली नाही. कारण काय तर दोन मॅग्नेटमधला विजेचा एक जोड नीट बसला नव्हता. तिथं रेझिस्टन्स वाढला, आर्क झाला, मॅग्नेट गार ठेवणारा हेलियम सुटला आणि पन्नासच्या वर मॅग्नेट बोगद्यातनं काढून वर आणावे लागले. हे वाचलं आणि खरं सांगतो, ती माणसं मला एकदम आपल्यातली वाटायला लागली. एवढं मोठं मशीन आणि शेवटी अडलं कुठं, जोडावर!

मग २०११ ला मी स्वतः तोंडावर पडलो. सप्टेंबरात बातमी आली की सर्नमधनं सोडलेले न्यूट्रिनो नावाचे बारके कण ७३० किलोमीटरवर इटलीत ग्रान सासोला प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचले. मी गाड्यावर उभा राहून, प्रकाशापेक्षा जोरात काहीच जाऊ शकत नाही म्हणणाऱ्या आइन्स्टाईनला पार रिटायर करून टाकला. पाच-सहा महिन्यांत उघड झालं की जीपीएसची वेळ आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट घट्ट बसला नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस मी आलो की चहावाला विचारायचा, काय, आज वायर आवळली का?

मला ह्याची लाज वाटायचं खरं कारण वेगळंच होतं. त्याच्या कितीतरी वर्षं आधी एका कारखान्यात इन्स्पेक्शनला असताना मी अख्खा लॉट ओव्हरसाइज म्हणून लाल रंग मारून बाजूला काढलेला. संध्याकाळी कळलं की बोअर गेजचा, म्हणजे भोक मोजायच्या मापाचा, पॉइंटच ढिला होता, माल एकदम बरोबर होता. म्हणजे ही चूक मी हातानं केलेली, तरी बातमी वाचताना माझ्या डोक्यात आलंच नाही की आधी विचारावं, मोजलं कशानं? आणि त्या शास्त्रज्ञांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलेलं की आम्ही कित्येक महिने तपासलंय, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. ते वाक्य हेडलाइनमध्ये आलंच नाही.

म्हणून तुला एकच सांगणं आहे. कण काय आहे हे नंतर विचार, आधी बघ की त्यांनी ओळखला कसा. खरी मजा तिथं आहे आणि त्यातलं बरंचसं तुला आजच समजतंय, फक्त तुला ते माहीत नाही.

हिग्ज नावाच्या कणाचंच बघ. ४ जुलै २०१२ ला सापडला म्हणून जाहीर झालं, पण हिग्ज कुणी बघितलेला नाही. तो जन्मला की लगेच फुटतो, हातात येतात ते त्याचे तुकडे, म्हणजे कधी दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कधी चार इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचेच वजनदार भाऊ. त्या तुकड्यांवरनं उलटा हिशोब करून वस्तुमान काढायचं आणि असे ढीगभर हिशोब मांडून हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं वस्तुमान किती वेळा आलं त्याचा आलेख, काढायचा. त्यात १२५ जीईव्हीच्या (हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास एक उंचवटा आला. आता तू रोज एसपीसीच्या, म्हणजे मापं किती हलतात त्याच्या, चार्टवर काय बघतोस? थ्री सिग्माच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिपटीच्या, बाहेर गेलं की मशीन थांबवतोस ना? ह्या लोकांना थ्री सिग्मा पुरत नाही, शोध म्हणायला फाइव्ह सिग्मा लागतंय, म्हणजे नवीन कण नसताना नुसत्या योगायोगानं एवढा उंचवटा दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. आणि अ‍ॅटलास आणि सीएमएस अशा दोन वेगळ्या टीमनी वेगवेगळ्या डिटेक्टरवर काढून बघितलं, जसं आपण शंका आली की दुसऱ्याच्या गेजनं मोजून घेतो.

एवढं कडक का, ते २०१५ च्या डिसेंबरात कळलं. ७५० जीईव्हीला दोन्हीकडं बारका उंचवटा दिसला, जगभरच्या लोकांनी त्यावर शेकड्यांनी पेपर लिहिले, आणि २०१६ च्या ऑगस्टपर्यंत जास्त डेटा आला तसा तो सपाट होऊन गेला. कण नव्हताच. पुढच्या वेळी 'फिजिक्स हादरलं' असं वाचलंस की सिग्मा किती आणि दुसऱ्या कुणी मोजलंय का, एवढं बघ आणि झोप.

ग्रुपवर जे फिरतंय त्याचंही थोडं. सत्येंद्रनाथ बोसांनी हिग्ज शोधला असं कुणी पाठवलं तर भांडू नको, पण पुढंही ढकलू नको. त्यांचं काम १९२४ चं, कणांच्या एका अख्ख्या जातीची गणती कशी करायची ते त्यांनी दाखवलं आणि त्या जातीला बोसॉन हे नाव त्यांच्यावरनं पडलं. हे काय कमी आहे का, वर अजून कशाला चढवायचं? हिग्जची कल्पना १९६४ ची, त्यासाठी २०१३ ला पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा एंग्लेर ह्यांना नोबेल मिळालं. आणि ते गॉड पार्टिकल वगैरे तर पुस्तकाच्या नावातनं आलंय, खुद्द हिग्जना ते आवडायचं नाही.

त्यापेक्षा अभिमानच करायचा तर जॅकचा कर. हसू नको. त्या मशीनचे मोठे मॅग्नेट १५ मीटर लांब, एकेक ३० टनांच्या वर, असे १२३२. त्यांना खालनं धरून मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) हिशोबात लाइनला आणायला जे हजारो जॅक बसवलेत ते भारतात बनले, इंदूरच्या राजा रामण्णा ह्या सरकारी संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली. तीस टनाचं धूड ५० मायक्रॉनच्या आत हलवायचं! डायल लावून जॉब ट्रू करताना दहा मायक्रॉनसाठी तू मला किती शिव्या घातल्यास ते आठव.

गणित येत नाही म्हणून रडलायस तेही वाचलं. गणित लागतंच, खोटं कशाला बोलू, एका टप्प्यानंतर त्याच्याशिवाय दार उघडत नाही. माझं उघडलेलं नाही. पण दारापर्यंतच अजून एवढं बघायचं पडलंय की मला वेळ पुरत नाही. रंकाळ्यावर बसलास की हात आडवा धर, तळव्यातनं सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातोय. वर दहा-पंधरा किलोमीटरवर तयार होतो, आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद, एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानंही साडेसहाशे मीटरच कापून व्हायला पाहिजेत. तरी तो तुझ्या हातापर्यंत येतो, कारण त्याचं घड्याळ आपल्या हिशोबानं हळू चालतंय. आइन्स्टाईनला मी रिटायर केलेला तो असा रोज माझ्या हातातनं जातोय.

रविवारी सुट्टी आहे ना, शेडवर ये. तुमच्या माळ्यावर पडलेली ती बारकी फिशटँक घेऊन ये, क्लाउड चेंबर, म्हणजे कण गेला की वाफेत त्याची रेघ उमटवणारी पेटी, करून बघू, म्यूऑनची रेघ डोळ्यांनी दिसती. काळा पत्रा, फेल्ट आणि टॉर्च माझ्याकडं आहे, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मी कुठनं तरी पैदा करतो, त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही, जाड हातमोजे आण. आणि मेडिकलमधलं साधं स्पिरिट घेऊन येऊ नको, मागच्या वेळी त्यानंच घोटाळा झाला, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतंय.

काका