वाचकांच्या शंका : आयनांबराच्या माथ्यावरचा प्लाझ्मा

प्रश्न : एफ-२ थराच्या (आयनांबर म्हणजे वातावरणाचा वरचा आयनित पट्टा; त्यातला हा सर्वांत दाट थर) वर इलेक्ट्रॉनांची घनता मी एकाच घातांकी सूत्राने उतरवत नेतो. सुरुवातीला जुळते, पण १,५०० किमीला आकडा जवळजवळ शून्यावर येतो. कुठे चुकते?

उत्तर : तुमच्या सूत्रात आयनाचे वस्तुमान शेवटपर्यंत ऑक्सिजनचेच राहते. ५०० किमीवर आयन आणि इलेक्ट्रॉन दोघांचेही तापमान १,००० केल्विन धरले, तर ऑक्सिजन आयनांची घनता दर सुमारे १२५ किमीला २.७ पट घटते. म्हणजे पुढच्या १,००० किमीत तीन हजार पट! हायड्रोजन आयन सोळा पट हलका. त्याला तेवढीच घट व्हायला सुमारे २,००० किमी लागतात आणि वर तोच बहुसंख्य असतो. ही अदलाबदल सूर्य सक्रिय असताना दिवसा १,००० किमीच्याही वर होते. सौर किमान काळातल्या रात्री ती ५०० किमीजवळ उतरते.

मात्र दोन घातांकी वक्रांची नुसती बेरीज करू नका. हलके इलेक्ट्रॉन वर निसटू पाहतात, त्यामुळे विद्युत क्षेत्र तयार होते आणि ते आयनांना वर ओढते. ऑक्सिजन आयन बहुसंख्य असतात तिथे ही ओढ हायड्रोजन आयनाच्या वजनाच्या आठ पट भरते. म्हणून त्या पट्ट्यात हायड्रोजन आयन उंचीबरोबर चक्क वाढतात. खालच्या सीमेवर रासायनिक समतोल धरा : हायड्रोजन आयन = (९/८) × ऑक्सिजन आयन × हायड्रोजन अणू ÷ ऑक्सिजन अणू. अणूंच्या घनता वरच्या वातावरणाच्या एनआरएल-एमसिस मॉडेलमधून घ्या. हायड्रोजन अणूंचा आकडा दुप्पट चुकला, तर हायड्रोजन आयनही दुप्पट चुकतात. पहिली तपासणी त्याचीच करा.

प्रश्न : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या एल = ४ या बलरेषेवर मॉडेल बारा तास चालवले, कालपायरीही (गणनेतला वेळेचा टप्पा) लहान केली. तरी घनता तुटपुंजीच. का?

उत्तर : कालपायरीचा दोष नाही. ही बलरेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्या लांब जाते. तिच्याभोवतीची नळी प्रचंड मोठी आणि खालून येणारा प्रवाह मर्यादित, त्यामुळे रिकामी नळी भरायला कित्येक दिवस लागतात. सुरुवात भरलेल्या नळीने करा. कार्पेंटर आणि अँडरसन या संशोधकांच्या १९९२च्या सूत्रानुसार घनतेचा दशमान लॉग = ३.९०४३ − ०.३१४५ × एल; एल = ४ ला दर घन सेंमीमागे सुमारे ४४० इलेक्ट्रॉन येतात.

पण त्याआधी केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचे माप) पाहा. त्याच दोघांच्या सूत्राने प्लाझ्मास्फिअरची (पृथ्वीभोवतीच्या दाट प्लाझ्माच्या कवचाची) कड एल = ५.६ − ०.४६ × (आधीच्या २४ तासांतला कमाल केपी) इथे असते. केपी ५ असेल तर ती ३.३ला सरकते. मग तुमची बलरेषा कडेबाहेर आहे आणि तुटपुंजी घनताच बरोबर आहे.