हाकोनेला बसने जाताय?

ताई, टोकियोहून बस टूरने हाकोनेला निघालात की गाइडला आधी विचारा, ओवाकुदानीचा, म्हणजे तिथल्या ज्वालामुखीच्या दरीवरचा, रोपवे आज चालू आहे ना? ज्वालामुखीचे वायू वाढले किंवा वारा सुटला की तो बंद ठेवतात. 2015 मध्ये तर कित्येक महिने बंद होता. सोबत कुणाला दमा असेल तर त्यांना वर नेऊच नका, अगदी कळकळीने सांगते. तिथली काळी अंडी मात्र जरूर खा. गंधकाच्या गरम पाण्यात उकडून कवच कोळशासारखं काळं होतं, सोललं की आत पांढरंशुभ्र! एक खाल्लं की आयुष्य 7 वर्षांनी वाढतं, असं तिथले लोक मानतात. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी जवळ ठेवा. आणि उतरताना बसच्या नंबरचा फोटो काढा, सगळ्या बस सारख्याच दिसतात.