कॉफीच्या मुळांवरच्या गाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना) प्रतिकारक म्हणून घेतलेली अरेबिका कॉफीची रोपे लावली, तरी काहींच्या मुळांवर गाठी आल्या. प्रतिकार जनुकातच असेल, तर असे का व्हावे?

उत्तर : प्रतिकार देणारे मेक्स-1 हे जनुक कृमीला मुळाच्या दाराशीच अडवते असे नाही. कृमीची अळी मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून आत शिरते, मधल्या वाहिन्यांपर्यंत जाते आणि सुईसारख्या मुखांगातून स्राव सोडते. साध्या रोपात त्या स्रावाने पेशीची जनुकेच कृमीच्या कामाला लागतात. केंद्रके पुन्हा पुन्हा दुभंगतात, पेशी मात्र दुभंगत नाही, फुगत जाते. त्या राक्षसी पेशींवर मादी पोसते आणि भोवताली गाठ येते. मेक्स-1 असलेल्या रोपात मुळी अळ्या शिरतातच कमी. ज्या शिरतात त्यांच्याभोवतीच्या पेशी झटपट मरतात आणि अळी उपाशी राहते.

मेक्स-1 अरेबिकात आले ते रोबस्टा या दुसऱ्या कॉफीकडून, टिमोर संकर या दोघींच्या नैसर्गिक संकरामार्फत. त्याचा प्रभाव अपूर्ण आहे. एकाच पालकाकडून ते मिळालेल्या रोपावर काही गाठी येऊ शकतात. म्हणून मिश्र बागेतले बी धरू नये.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. मेक्स-1 मेलॉयडोगायनी एक्झिग्वा या सूत्रकृमीच्या जातीविरुद्ध चालते. मुळात इन्कॉग्निटा किंवा पॅरानाएन्सिस या मेलॉयडोगायनीच्याच दुसऱ्या जाती असतील, तर त्याच्या भरवशावर राहू नका. पॅरानाएन्सिसमुळे तर मूळ भेगाळून बुचासारखे होते, ठळक गाठी दिसतीलच असे नाही. आधी जात ओळखून घ्या. तपासणीला नुसती माती पुरत नाही, कारण विकरावरून (एन्झाइमवरून) जात ओळखणाऱ्या एस्टरेज चाचणीला मुळातल्या माद्या लागतात. आजारी पण जिवंत झाडाची बारीक मुळे ओलसर मातीसह पिशवीत बांधून पाठवा. मेलेल्या झाडाच्या मुळांत फारसे काही सापडत नाही.

प्रश्न : रोबस्टाच्या खुंटावर कलम केले तर?

उत्तर : चांगला उपाय. ब्राझीलमध्ये अपोआटा हा रोबस्टा खुंट याचसाठी वापरतात. बीजपत्रे उलगडण्याआधीच, दोन्ही रोपांची जाडी जुळवून, खुंटाला सुमारे 1 सेंमी उभी चीर द्यावी, अरेबिकाचे टोक पाचरीसारखे तासून बसवावे आणि पट्टीने घट्ट बांधावे. रोबस्टा परपरागित आहे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागांनी फळते, त्यामुळे बियांपासूनचे सगळे खुंट सारखे प्रतिकारक निघत नाहीत. आणि लावताना कलमाचा जोड मातीत गाडू नका. वरच्या अरेबिकाला स्वतःची मुळे फुटली, की कृमी तिथूनच आत जातात.