वाचक विचारतात : ‘दाऊ’ म्हणजे तू की आपण?

प्रश्न : जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला ‘दाऊ’ (thou) म्हणतात, मग तो ‘यू’पेक्षा जास्त आदराचा शब्द आहे का?

उत्तर : नाही हो, अगदी उलटं आहे! आज तो शब्द फक्त प्रार्थनेत नि जुन्या कवितेत भेटतो म्हणून भारदस्त वाटतो इतकंच, मुळात ‘दाऊ’ म्हणजे आपला सरळ एकेरी ‘तू’, आणि ‘यू’ हा अनेकवचनी. तेराव्या शतकापासून फ्रेंचांचं बघून मोठ्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचनी हाक मारायची पद्धत इंग्रजीत रुळली, म्हणजे आपलं ‘तुम्ही’च की. मग ‘दाऊ’ उरला घरच्यांना, नोकरांना आणि देवाला, आपण नाही का विठोबाला ‘तू’ म्हणत, तसंच.

पण परक्या माणसाला ‘दाऊ’ म्हटलं की सरळ अपमान. 1603 साली इंग्लंडचा नामांकित दर्यावर्दी आणि दरबारी सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून अरेतुरे करत होता. पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळी माणसं सारखी म्हणून न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचे आणि त्यापायी मारही खायचे, मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

हळूहळू सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणायला लागले आणि ‘दाऊ’ मागे पडला. यॉर्कशरच्या बोलीत मात्र त्याचं ‘दा’ हे रूप अजून कानावर पडतं. आणि एक माणूस की अनेक हे ‘यू’मधून कळेना म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत लोकांनी ‘यू ऑल’ (तुम्ही सगळे) जोडून ‘यॉल’ बनवला.