नैरोबीला येण्याआधी मुलाच्या शाळेचं बघ

तुझा निरोप मावशीने मला पाठवला. अनोळखी माणसं आफ्रिकेतल्या शहरात येऊन नव्याने संसार मांडतात अशी एक कादंबरी तू वाचलीस, तेवढ्यात नवऱ्याला नैरोबीची नोकरी चालून आली, मुलगा सहावीत आहे, जावं का? दोन दिवस मला उत्तर लिहवेना.

ईटीए म्हणजे प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, वर्क परमिट, यलो फीव्हरची लस हे सरकारी साइटवर नीट दिलंय. कादंबरीतलंही खोटं नाही. हे शहर वसलंच १८९९ मध्ये रेल्वेचा तळ पडला म्हणून, आणि त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा' म्हणतात, कान लगेच सरावतो. एकटेपणाची काळजी नको. महाराष्ट्र मंडळ आहे, पार्कलँड्स भागात कढीपत्त्यापासून सगळं मिळतं. रुळशील.

शाळेचं मात्र तसं नाही. आम्ही २०११ च्या जूनमध्ये आलो, लेक सहावी पास होऊन. इथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणजे सातवी निम्मी उरकलेली, त्यात स्वाहिली सक्तीची. आधी शाळेने दाखलाच परत केला, कारण तो मराठीत. भाषांतर, मग नोटरी, मग नोटरीचा शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा नोटरी. तिसऱ्या खेपेला 'अभ्यासातील प्रगती : उत्तम' या ओळीवर मी बोट ठेवून दाखवलं. बाईंनी ती वाचली, कागद फायलीला लावला आणि लेकाला पुन्हा सहावीत घातलं. तेच अपूर्णांक, तेच क्षेत्रफळ. घरी येऊन तो दप्तर उघडायचाच नाही.

आता इथला अभ्यासक्रम बदललाय, शाळाही पुष्कळ आहेत. ब्रिटिश पद्धतीच्या शाळा सप्टेंबरात सुरू होतात, एप्रिलमध्ये आपली परीक्षा आटोपून येणाऱ्याला त्या सोयीच्या, पण फी फार. कुठेही घाल, कोणत्या इयत्तेत घेणार ते शाळेकडून लेखी घे, तिकिटं मग काढ. जमत नसेल तर नवऱ्याला पुढे जाऊ दे.

मी हे का केलं नाही? कारण मला निघायचं होतं. सांगलीच्या घरात बारा वर्षांत मला स्वतःचं एक कपाट नव्हतं. इथे दोन खोल्या, स्वतःची किल्ली. लेकाला यायचंय का, हे मी त्याला विचारलंच नाही, आणि शाळेशी भांडलेही नाही. भांडण वाढलं तर परत जावं लागेल अशी धास्ती होती. "एका वर्षाने काय बिघडतं" हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल! आता तो पुण्यात नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो, पण सहावीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

इथे कुणाला ठेच लागली, कुणाचं काही बिनसलं की माणसं 'पोले' म्हणतात, म्हणजे 'वाईट वाटलं', फारच वाटलं तर 'पोले साना'. चूक त्यांची नसली तरी म्हणतात. लेकाला पुन्हा सहावीत घातलं त्या दिवशी शाळेतून परतलो तेव्हा फाटकावरच्या आस्कारीने, म्हणजे आमच्या वॉचमनने, लेकाचा चेहरा बघून विचारलं, लेकाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आस्कारीने काठी बाजूला ठेवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोले साना." मी मागे पिशव्या घेऊन उभी होते. मी काहीच बोलले नाही.