साहेब आडून बोलला, तर काय समजायचं?

मँचेस्टरला नोकरीवर रुजू होण्याआधी तुम्ही विचारलंय, सजेस्ट, हिंट, इम्प्लाय, इन्फर यांतलं कुठे काय वापरायचं. आधी सजेस्ट पक्कं करा, आपल्या लोकांची गाडी तिथेच अडते. मराठीत 'त्याने मला सुचवलं' चालतं, म्हणून तोंडातून 'ही सजेस्टेड मी टु अप्लाय' निघतं. ते चूक आहे. म्हणायचं 'ही सजेस्टेड दॅट आय अप्लाय' किंवा नुसतं 'ही सजेस्टेड अप्लाइंग'. 'मला' सांगायचंच असेल तर 'सजेस्टेड टु मी दॅट…'. 'मी टु अप्लाय' जिभेवरून जातच नसेल, तर क्रियापद बदला: 'ही ॲडव्हाइज्ड मी टु अप्लाय' अगदी बरोबर. 'आय सजेस्ट दॅट शी कॉल' यात 'कॉल'ला एस लावू नका. ब्रिटिश लोक 'शी शुड कॉल' असंही सर्रास म्हणतात.

इम्प्लाय म्हणजे उघड न सांगता सुचवणं, ते बोलणाऱ्याकडे; इन्फर म्हणजे त्यावरून अर्थ काढणं, ते ऐकणाऱ्याकडे. मॅनेजर म्हणाला, यंदा बजेट कमी आहे. नवी भरती नाही हे त्याने इम्प्लाय केलं, तुम्ही इन्फर केलं. बोलताना तिथलेही घोळ करतात, पण रिपोर्टमध्ये तो खटकतो. हिंटपुढे नाम आलं तर ॲट लागतं: 'शी हिंटेड ॲट अ डिले'.

इन्सिन्युएट मात्र जपून. त्यात कुणावर तरी आडून आरोप असतो. 'व्हॉट आर यू इम्प्लाइंग?' हासुद्धा साधा प्रश्न नाही, ऐकणाऱ्याला तुम्ही भांडायला उठलात असंच वाटेल. खुलासा हवा असेल तर 'जस्ट टु चेक, शुड आय चेंज धिस?' असं विचारा.

आता साहेबाचं बोलणं. 'यू माइट वॉन्ट टु लुक ॲट धिस अगेन' हे ऐच्छिक वाटतं आणि नवा माणूस ते सोडून देतो. वरिष्ठाच्या तोंडी ते बहुतेक वेळा सांगितलेलं काम असतं. 'आयड सजेस्ट…' तसंच. काय बदलणार आणि कधीपर्यंत, हे त्याच दिवशी एका ओळीत कळवा. समजण्यात चूक झाली असेल तर तो लगेच सांगेल.

तुम्हीही सहकाऱ्याला 'डू धिस' न म्हणता 'कुड वी ट्राय…' म्हणा. पण काम शुक्रवारपर्यंत होणार नसेल, तर तिथे आडवळण नको. 'आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे, आय नीड टिल ट्यूजडे' असं सरळ, आणि गुरुवारच्या आत.