उरलेला भात आणि जंतूंचं कवच

प्रश्न : मी मिरजेत विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. रात्री उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवते आणि सकाळी फोडणीला टाकते. मागच्या महिन्यात तो खाऊन काही मुलांना तासाभरात उलट्या झाल्या. भात चांगला वाफ येईपर्यंत परतला होता. एक मुलगा म्हणाला, जंतूंना कवच असतं. मग आणखी तापवायचा का?

उत्तर : ताई, तापवून काही साधणार नाही. भात खाऊन इतक्या लवकर उलट्या म्हटल्यावर पहिला संशय बॅसिलस सिरियसवर जातो. हा मातीतला जंतू, तांदळाबरोबर घरात येतोच. भात शिजताना त्याचे बीजाणू, म्हणजे या जंतूचं सुप्त, टणक रूप, तगतात. टोपात दाबून भरलेला भात मध्यभागी कितीतरी तास कोमट राहतो. तिथे ते रुजतात, वाढतात आणि सिर्युलाइड नावाचं विष तयार करतात. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं; तुमच्या कढईचं काय घेऊन बसलात!

कवचाचं म्हणाल, तर मुलगा निम्मा बरोबर आहे. बीजाणूला उष्णतेपासून वाचवतो तो मुख्यतः आतला गाभा : पाणी अगदी कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं. त्याभोवती कॉर्टेक्स नावाचा जाड थर, मग रसायनांना दाद न देणारा प्रथिनांचा कोट. सगळ्यात बाहेर, सैल पिशवीसारखं, एक्सोस्पोरियम. त्यावर बारीक लव असते. पाण्याशी त्याचं जमत नाही, म्हणून बीजाणू स्टीलला चिकटतात. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत होतो, तिथे या चिकटपणाने फार छळलं. दुधाचा नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवून साधे जंतू मारायचे आणि उरलेले बशीत वाढवायचे. टाकी लखलखीत असली तरी बशीत वसाहती उगवायच्या. शेवटी शोध बहुधा पाइपच्या सांध्यातल्या रबरी वॉशरपाशी थांबे.

तेव्हा टोप, झारे नुसते विसळू नका, गरम पाणी आणि साबणाने खरवडून घासा. झाऱ्याच्या दांड्याचा सांधा विशेष. सॅनिटायझर फवारून बीजाणू मरत नाहीत. उरलेला भात लगेच परातीत पातळ पसरा, तासाभरात निववून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उशिरा जेवणाऱ्यांसाठी ठेवायचा तर ६० अंशांच्या वर, चांगला कढत ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकून द्या, वास चांगला येत असला तरी.